पत्र्याचा पावा आणि दुर्मिळ पट्ट्या

गाणाऱ्याचा गळा ज्या पट्टीत बसलेला असतो ती पट्टी त्याने निवडलेली नसते, ती निसर्गाने दिलेली असते. साथीच्या वाद्यांपैकी बहुतेकांना तिच्याशी जुळते घेता येते. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळता येतात, तबल्याचे गठ्ठे ठोकून तो चढविता-उतरविता येतो, आणि पेटीवाल्याने हात थोडा बाजूला सरकविला की त्याचे काम भागते. या मंडळींत पावा तेवढा हट्टी. त्याची नळी जेवढ्या लांबीची कापली आणि छिद्रे जेथे पाडली, तेथेच त्याची पट्टी कायमची ठरली. म्हणून पाव्याची साथ घ्यावयाची ठरली म्हणजे पहिला प्रश्न येतो तो वाजविणाऱ्याच्या तयारीचा नव्हे. त्या पट्टीचा पावा घरात आहे काय, हा.

घरगुती बैठकीत पुष्कळदा पुढीलप्रमाणे घडते. एखादा तरुण हौसेने परदेशी बनावटीचा पत्र्याचा पावा घेऊन बसतो. पावा पांढरी दोनचा असतो आणि गाणाऱ्या गृहस्थांचा गळा काळी एकचा. फरक अवघ्या अर्ध्या स्वराचा! तेवढ्यासाठी मुलाला कशाला हिरमुसला करावयाचा, म्हणून ते गृहस्थ पांढरी दोनला षड्ज धरतात. मध्य सप्तकात कोणाच्या काही लक्षात येत नाही. पुढे अंतरा सुरू होतो, तार षड्ज कसाबसा लागतो, आणि त्याच्या पलीकडच्या गंधारास हात घालताच आवाज फाटतो. ऐकणारे म्हणतात, वय झाले. वस्तुतः वय झालेले नसते. एक वीतभर पितळी नळी गळ्याला ओढून नेत असते. हा अन्याय टाळता येण्यासारखा आहे, आणि तो कसा टाळावयाचा हे समजण्यास वाद्याची थोडी ओळख हवी.

इंग्रजीत ज्याला टिन व्हिसल म्हणतात तो हा पत्र्याचा पावा. जत्रेतले अलगूज ज्यांनी लहानपणी फुंकले असेल त्यांना त्याची रचना निराळी सांगावयास नको. आडव्या बासरीत ओठांनी हवेची धार घडवावी लागते आणि ते साधण्यास महिने लागतात. पाव्यात ते काम तोंडाशी बसविलेली गुळी करते. गुळी आणि नळी यांमधील अरुंद फटीतून हवा जाते, समोरच्या धारेवर आपटते आणि नळीतली हवा कंप पावू लागते. फुंकले की स्वर निघालाच. नळीवर सहा छिद्रे असतात. सर्व बंद केली म्हणजे सर्वांत खालचा स्वर, आणि खालून एकेक उघडीत गेले म्हणजे एकेक चढता स्वर. अंमळ जोराने फुंकले की तीच बोटे वरच्या सप्तकात बोलतात.

हे वाद्य कारखान्यात तयार होऊ लागले ते इंग्लंडात. सफोक परगण्यातील कोनी वेस्टन या खेड्यातला शेतमजूर रॉबर्ट क्लार्क याने १८४३ साली लाकडी पाव्यावरून पत्र्याचा पावा बनविला, आणि धंद्याच्या आशेने तो मँचेस्टरची वाट चालू लागला. पत्रा गुंडाळून केलेली, तोंडाशी रुंद व टोकाशी निमुळती नळी आणि तिच्यात लाकडाची गुळी, असा त्याचा घाट होता. तो घाट अद्याप चालू आहे. त्याने केलेला पहिला पावा उंच ‘ए’ पट्टीचा होता असे सांगतात. हे खरे असेल तर मौज म्हणावी लागेल. कारण आज दुकानात जाऊन ‘ए’चा पावा मागितला तर दुकानदार बहुधा मान हलवील. क्लार्कच्या नंतर सरळ पितळी नळीचे पावे आले, पुढे त्यांना प्लास्टिकची मुखे बसली, आणि आयर्लंडातील नृत्यसंगीताने हे स्वस्त वाद्य इतके आपलेसे केले की ते मूळचे तिकडचेच असावे असे वाटावे.

आता पट्ट्यांची नावे. पेटीच्या भाषेत सांगितले म्हणजे मराठी घरात ती चटकन समजतात. पांढरी एक म्हणजे पाश्चात्यांचा ‘सी’. तेथून पांढऱ्या पट्ट्या ओळीने घेतल्या की डी, ई, एफ, जी, ए आणि बी अशी नावे येतात. काळ्यांना दोन-दोन नावे आहेत: काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन म्हणजे ई फ्लॅट, काळी तीन म्हणजे एफ शार्प, काळी चार म्हणजे ए फ्लॅट व काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. पाव्याला नाव मिळते ते सहाही छिद्रे बंद केली असता निघणाऱ्या स्वरावरून. तो स्वर ‘डी’ असेल तर पावा ‘डी’चा.

येथेच आपल्याकडचा माणूस फसतो. आपली बासरी या रीतीने ओळखली जात नाही. बासरीवाला वरची तीन छिद्रे बंद करून षड्ज धरतो. सर्व सहा बंद केली म्हणजे त्याला खालचा पंचम मिळतो. बासरीचे नाव त्या तीन बोटांच्या षड्जावरून पडते. म्हणजे दुकानदार जिला पांढरी पाचची बासरी म्हणेल, तिची सहा छिद्रे बंद केल्यावर पांढरी दोन निघेल. आणि तेवढ्याच उंचीच्या पत्र्याच्या पाव्याला विलायती दुकानदार ‘डी’ म्हणेल. एकच स्वरमेळ, दोन नावे. बासरीच्या हिशेबाने ‘जी’चा पावा मागविणाऱ्यास घरी आलेला पावा चार स्वर वर बोलताना आढळतो, आणि तो कारखान्याला दोष देत बसतो. कारखान्याचा यात काही दोष नाही.

परंतु या गोंधळातच एक सोयही दडलेली आहे. पाव्याची बोटे दोन्ही रीतींनी धरता येत असल्यामुळे प्रत्येक पाव्यात एक सोडून दोन पट्ट्या असतात. सहा बोटांचा षड्ज धरला तर त्याची स्वतःची पट्टी. तीन बोटांचा षड्ज धरला तर तिच्या मध्यमाची पट्टी. आयरिश वादक हेच करतो. त्याच्या ‘डी’च्या पाव्यावर ‘डी’ आणि ‘जी’ या दोन्ही पट्ट्यांतली गाणी निघतात. ‘जी’साठी त्याला ‘सी’ हा स्वर उतरून घ्यावा लागतो. सगळ्यांत वरचे छिद्र मोकळे ठेवून त्याखालची दोन झाकली की तो मिळतो. एका दिवसात ती सवय होते.

जनरेशन नावाचे इंग्लिश पावे सर्वत्र परिचित आहेत, आणि ते सहा पट्ट्यांत निघतात: बी फ्लॅट, सी, डी, ई फ्लॅट, एफ व जी. दुकानात या सहांपलीकडे सहसा काही नसते. पुष्कळ ठिकाणी तर ‘डी’ आणि ‘सी’ एवढेच. आता प्रत्येकाच्या दोन पट्ट्या धरून हिशेब करावा. बी फ्लॅटवर ई फ्लॅट निघतो, सीवर एफ, डीवर जी, ई फ्लॅटवर ए फ्लॅट, एफवर बी फ्लॅट, आणि जीवर सी. सहा पाव्यांच्या बारा जागा झाल्या खऱ्या, पण त्यांतल्या पाच पुन्हा त्याच आल्या. नवी पट्टी मिळाली ती एकटी ए फ्लॅट, म्हणजे काळी चार. स्त्रियांच्या गळ्याला ही पट्टी पुष्कळदा मानवते. तेव्हा काळी चारला गाणाऱ्या मुलीच्या साथीसाठी ए फ्लॅटचा पावा शोधीत वणवण करण्याचे कारण नाही. ई फ्लॅटचा साधा पावा घ्यावा आणि बासरीसारखा तीन बोटांवर षड्ज धरावा.

सातांची सोय झाली; पाच उरल्या. काळी एक, पांढरी तीन, काळी तीन, पांढरी सहा आणि पांढरी सात. ह्याच खऱ्या दुर्मिळ पट्ट्या.

तथापि ह्या पाचांनाही लगेच दुर्मिळ म्हणून सोडून देऊ नये, कारण वरचा हिशेब बिलावलाच्या सात शुद्ध स्वरांपुरता झाला. सगळी गाणी बिलावलात नसतात. जुन्या संगीतशास्त्रातील मूर्च्छनेची कल्पना ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या ध्यानात पुढची गोष्ट तत्काळ येईल: सात स्वरांची तीच माळ ठेवून षड्जाची जागा बदलली की थाट बदलतो. ‘डी’चा पावा घ्यावा आणि बोटांना कोणतीही कसरत न करायला लावता, केवळ एकेक छिद्र उघडीत जावे. सहा बोटांवर षड्ज मानला तर बिलावल. पाच बोटांवर मानला तर काफी, आणि षड्ज येतो पांढरी तीनवर. चार बोटांवर मानला तर भैरवी, षड्ज काळी तीन. तीन बोटांवर मानला तर मध्यम तीव्र होतो आणि कल्याण उभा राहतो, षड्ज पांढरी पाच. दोन बोटांवर खमाज, षड्ज पांढरी सहा. एका बोटावर आसावरी, षड्ज पांढरी सात.

एका स्वस्त नळीतून सहा थाट निघाले, आणि त्यांबरोबर दुर्मिळ म्हटलेल्या पाचांपैकी चार पट्ट्या हाती आल्या! अर्थात प्रत्येकीत एकच थाट, आणि खाली-वर जावयास सर्वत्र सारखी मोकळीक नाही. चार बोटांच्या भैरवीला षड्जाखाली दोनच स्वर मिळतात. तरीही ठुमरीवजा चीज पांढरी सहात खमाजात बांधलेली असेल तर ‘ए’च्या पाव्यावाचून ती अडत नाही. आयर्लंडातले वादक याच मार्गाने जातात. तिकडच्या सरावाच्या बैठकींत ‘ए’ पट्टीतल्या म्हणून ज्या चाली वाजतात त्यांतल्या पुष्कळ कोमल निषाद घेणाऱ्या, म्हणजे आपल्या खमाजाच्या वळणाच्या असतात, आणि त्या ‘डी’च्या पाव्यावर सहज बसतात. ज्यांत शुद्ध निषादच हवा असतो त्यांत वादक तिसरे छिद्र अर्धे झाकून तो काढतात. हे अर्धे झाकणे मंद चालीत शोभते. द्रुत लयीत मात्र भल्याभल्यांची तारांबळ उडते.

मग राहिली कोणती? काळी एक. बाजारातले सहाही पावे ओळीने घेऊन त्यांवर वरील सहाही थाट ताडून पाहावेत. सरळ बोटांनी काळी एकवर षड्ज ठेवून एकही थाट निघत नाही. पांढरी सहाला चार-चार मार्ग सापडतात आणि काळी एकला एकही नाही. महाराष्ट्रात पुरुष गायकांची जी अगदी नेहमीची पट्टी, तिच्याच वाटा विलायती बाजाराने नेमक्या बंद ठेवल्या आहेत. यात कोणाचा द्वेष नाही. तिकडच्या फिडलच्या तारा आणि तिकडच्या बासऱ्या ‘डी’ व ‘जी’ यांना सोयीच्या, आणि ज्याला गिऱ्हाईक तोच माल कारखाना काढणार.

येथवर आल्यावर कोणालाही एक युक्ती सुचते. पांढरी दोनचा पावा आहे, काळी एक त्याच्या खाली अर्धाच स्वर आहे. मग नळी थोडी लांब केली की झाले! काही पाव्यांचे मुख नळीवर मागेपुढे सरकते, त्यामुळे हा मोह अधिकच होतो. पण नळीचे गणित तसे नाही. ‘डी’च्या पाव्याचा खालचा स्वर दर सेकंदास सुमारे ५८७ कंपनांचा असतो. दोन्ही टोकांस मोकळ्या असलेल्या नळीत त्या स्वराच्या लाटेची अर्धी लांबी मावते, आणि ती सुमारे २९.४ सेंटिमीटर भरते. प्रत्यक्ष नळी याहून थोडी आखूड असते, कारण तोंडाशी व टोकाशी हवेचा कंप नळीच्या जरा बाहेरपर्यंत जातो. अर्धा स्वर उतरावयाचा म्हणजे ही लांबी सुमारे सहा टक्क्यांनी वाढली पाहिजे. म्हणून मुख १.७ सेंटिमीटर बाहेर ओढले. खालचा स्वर बरोबर काळी एकवर आला. आता सर्व छिद्रे मोकळी करून निषाद काढावा. त्या स्वराची नळी मूळची १५.६ सेंटिमीटर, तीही १.७ नेच वाढली. खालच्या स्वराच्या दृष्टीने १.७ म्हणजे सतरावा हिस्सा, पण वरच्या स्वराच्या दृष्टीने तो नववा हिस्सा. परिणाम असा की षड्ज अर्धा स्वर उतरला, तर निषाद जवळजवळ पूर्ण स्वर उतरून बसला. मधले स्वर यांच्या दरम्यान कोठेतरी लोंबकळत राहतात. अशा नळीवर कोणताच थाट उरत नाही. सरकत्या मुखाचा खरा उपयोग निराळा आहे. नळीतली हवा दहा अंश तापली तर स्वर अर्धस्वराच्या पाव हिश्श्याहून थोडा अधिक चढतो. थंड खोलीत उतरतो. एवढी बारीक तडजोड करण्यापुरतेच ते सरकविणे आहे.

खालून नळी कापून पट्टी चढविण्याची कल्पनाही अशीच फसवी. कापल्याने केवळ सर्वांत खालचा स्वर चढतो, बाकीचे जेथल्या तेथे राहतात, आणि एक चांगला पावा कायमचा वाया जातो.

सारांश, काळी एकसाठी काळी एकचाच पावा हवा, किंवा तीन बोटांचा षड्ज धरणाऱ्यास काळी चारचा. आणि तसा पावा मिळतो. दुर्मिळ पट्ट्यांची गरज एकट्या हिंदुस्थानी गवयालाच पडते असे नाही. आयर्लंडात कोपराखाली भाता दाबून वाजविण्याचे जे इलन पाइप नावाचे वाद्य आहे, त्याचे आधुनिक उंच संच ‘डी’त असतात, पण जुन्या घडणीचे मंद, मऊ आवाजाचे संच सी शार्प, सी, बी, बी फ्लॅट अशा उतरत्या पट्ट्यांत असतात. ज्याच्या मित्राजवळ ‘बी’चा संच असेल त्याला त्याच्याबरोबर वाजविण्यास ‘बी’चाच पावा हवा. स्कॉटलंडच्या मोठ्या बॅगपाइपचा मुख्य स्वर कागदावर ‘ए’ लिहितात, पण तो बोलतो बी फ्लॅटच्या आसपास, किंबहुना थोडा वरच. तेथे ‘ए’चा पावा नेणारा तोंडघशी पडतो. अशा गरजांमधूनच छोटे कारागीर उभे राहिले.

त्यांच्यापैकी एकाची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण तिचा धागा हिंदुस्थानातून जातो. डब्लिनचा फिनबार फ्युरी हा इलन पाइपचा नामवंत वादक. त्याच्याजवळ बांबूचा एक हिंदुस्थानी पावा होता आणि त्यावर त्याचा जीव होता. बाजारी पत्र्याचे पावे सगळे उंच, चिरचिरीत आवाजाचे. हा मात्र खोल, गंभीर बोलणारा. दौऱ्यावर असताना तो मोडला. दुरुस्त होईना, आणि तसा दुसरा इंग्लंड-आयर्लंडातल्या कोणत्याही दुकानात मिळेना. फ्युरी इंग्लंडातील बर्नार्ड ओव्हरटन या वाद्य बनविणाऱ्या गृहस्थांकडे गेला, आणि १९७१ साली दोघांनी मिळून त्या मोडक्या बांबूवरून धातूची प्रतिकृती केली. त्या खटपटीतून पुढे ओव्हरटन यांचे ॲल्युमिनियमचे मोठे पावे निघाले. नेहमीच्या ‘डी’च्या बरोबर एक सप्तक खाली बोलणारा, सुमारे दोन फुटी ‘लो डी’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. आज तो आयरिश संगीताचा प्राचीन आवाज म्हणून मानला जातो. वास्तविक त्याचे वय पन्नास-पंचावन्न वर्षांपेक्षा अधिक नाही, आणि त्याचा पूर्वज आपल्याकडचा बांबू आहे. ओव्हरटन यांच्या पद्धतीचे काम पुढे कॉलिन गोल्डी यांनी जर्मनीत चालविले.

हातकारागिराला दुर्मिळ पट्टी परवडते, कारखान्याला नाही, याचे कारण साधे आहे. कारखान्याला प्रत्येक पट्टीसाठी छिद्रांचा वेगळा साचा लागतो, आणि पट्टी फार बदलली की नळीचा व्यासही बदलावा लागतो. अरुंद नळी फार लांब केली तर खालचे स्वर क्षीण होतात. रुंद नळी फार आखूड केली तर वरचे सप्तक फुंकताना घाम फुटतो. कारागीर एकेक नळी मोजून कापतो, त्याला सी आणि सी शार्प सारखेच. शिवाय काहीजण एकाच मुखावर बसणाऱ्या दोन-तीन नळ्या देतात. जवळजवळच्या पट्ट्यांना, उदाहरणार्थ सी, सी शार्प आणि डी यांना, हे उत्तम जमते आणि खर्चही वाचतो. प्लास्टिकच्या पाव्यांतही सोय आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात केलिशेक यांच्या कारखान्यातून निघालेले सुझाटो नावाचे पावे जवळजवळ सगळ्या पट्ट्यांत केले गेले. त्यांचा आवाज काहींना फार ठाशीव वाटतो. बंद खोलीत तो खरोखरच मोठा आहे.

मागणी लिहिताना तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात, नाहीतर पैसे गेले आणि पावा दुसराच आला असे होते. सहा छिद्रे बंद केली असता कोणता स्वर हवा हे पहिले. बासरीच्या हिशेबाने लिहू नये. दुसरे सप्तक: केवळ ‘ए’ असे लिहिल्यास उंच ‘ए’ येईल की खालचा ‘ए’, हे देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. खालच्या सप्तकाच्या पाव्यांची छिद्रे फार दूर दूर असतात. ‘लो डी’ला तर बोटांच्या पेरांनी नव्हे, मधल्या भागाने छिद्रे झाकावी लागतात, जशी पाइपवाले झाकतात. लहान हाताच्या मुलाला तो आणून देणे म्हणजे त्याला वाद्याची भीती घालणे होय. तिसरे, जुने वाद्य घेत असल्यास त्याचा स्वर कोणत्या मापाचा आहे हे पाहावे. ‘ए’ म्हणजे ४४० कंपने हे माप १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरले. त्यापूर्वी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात सुमारे ४५२ कंपनांचा ‘ए’ पुष्कळ दिवस चालत होता. तो आजच्यापेक्षा जवळजवळ पाव स्वर उंच आहे. त्या काळचा पावा सुरेख दिसतो, सुरेख वाजतोही, पण दोन पट्ट्यांच्या मध्ये कोठेतरी उभा असतो. पेटीबरोबर त्याचे कधीच जमत नाही.

ज्यांना परदेशी कारागिराची किंमत झेपत नाही आणि हाताला थोडी कारागिरी आहे, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग उरतो. बाजारी ‘डी’च्या पाव्याचे प्लास्टिकचे मुख नळीला चिकटविलेले असते. ते काही वेळ गरम पाण्यात धरले की चिकटण सुटते आणि मुख फिरवून काढता येते. अवघड कसब असते ते सगळे या मुखात, आणि ते आयते मिळाले. आता त्याच व्यासाची पितळी नळी पैदा करावी. मूळ पाव्यावर धारेपासून प्रत्येक छिद्राच्या मध्यापर्यंत आणि टोकापर्यंतची अंतरे मोजावीत व प्रत्येकास १.०६ ने गुणावे. टोकापर्यंत समजा २६ सेंटिमीटर भरले, तर नवी नळी साडेसत्तावीसची होईल. पण ती दोन-तीन मिलिमीटर लांबच ठेवावी, कारण मुखाशी बाहेर जाणारा कंप गुणाकाराने वाढलेला नसतो, त्याची भरपाई लांबीनेच करावी लागते. छिद्रेही प्रथम बारीक पाडावीत. छिद्र मोठे केले की स्वर चढतो. चढलेला उतरविण्यास मात्र छिद्राच्या वरच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावण्यावाचून उपाय राहत नाही. शेजारी पेटीची काळी एक दाबून धरावी, आधी टोक कानशीने थोडे थोडे घासून षड्ज मिळवावा, मग खालच्या छिद्रापासून वर एकेक स्वर जुळवीत जावे, आणि प्रत्येक वेळी नळी निवू द्यावी, कारण घासलेले पितळ गरम असेपर्यंत खोटा स्वर सांगते.